खटखटाटात गिटार लावताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कबनूरला गिटार शिकवतो. कबनूर हे हातकणंगले तालुक्यातलं, इचलकरंजीला अगदी खेटून असलेलं गाव. इचलकरंजी कुठं संपते आणि कबनूर कुठं सुरू होतं, हे नवख्या माणसाला कळायचं नाही. दोन्हीकडे तेच पत्र्याचे शेड आणि तीच यंत्रमागांची खटखट. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसवला. तिथून सुरू झालेली ही खटखट आम्हा गावकऱ्यांच्या कानात इतकी मुरली आहे, की वीज गेली आणि माग थांबले, तर झोपलेला माणूस दचकून उठतो.

अशा गावात गिटार शिकवायची म्हणजे जरा गंमतच. मुलाला घेऊन येणारे पालक पहिला प्रश्न विचारतात, 'सर, कुठली गिटार घ्यावी?' दुसरा प्रश्न ते विचारत नाहीत, म्हणून तो मीच विचारतो: 'घ्याल हो, पण रोज लावणार कोण?' कारण गिटार ही काही पेटी नव्हे. पेटी दुकानातून सुरात येते आणि बरीच वर्षं सुरात राहते. गिटारच्या सहा तारा सत्तर किलोच्या आसपास ताण घेऊन एका पातळ लाकडी खोक्यावर उभ्या असतात. सकाळचा गारवा, दुपारचं ऊन, पावसाळ्यातली ओल, सगळं त्या लाकडाला आणि तारांना लागतं. त्यामुळे गिटार उतरणारच. ती उतरली हे ओळखणं आणि परत चढवणं, हा वाजवण्याचाच भाग आहे.

आधी सहा तारांचे सूर सांगतो. इंग्रजी अक्षरांनी मुलं घाबरतात, म्हणून मी पेटीवरूनच सांगतो. सगळ्यात जाड तार, जिला सहावी म्हणतात, ती पांढरी तीन. पाचवी पांढरी सहा. चौथी पांढरी दोन. तिसरी पांढरी पाच. दुसरी पांढरी सात. आणि सगळ्यात बारीक पहिली तार पुन्हा पांढरी तीन, पण दोन सप्तकं वर. घरात पेटी असेल तर गिटार लावायला दुसरं काही लागत नाही. आपल्याकडे भजनी मंडळ नसलेली गल्ली सापडायची नाही, म्हणजे पेटीही हाकेच्या अंतरावर असतेच.

मात्र पेटीवरून लावायचं ठरवलं की एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. जगभर आता पांढरी सहा, म्हणजे मधल्या सप्तकातला तो सूर, सेकंदाला ४४० कंपनं असा धरतात. १९३९ साली लंडनच्या परिषदेत हा आकडा ठरला आणि पुढे १९७५ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक म्हणून छापला गेला. त्याआधी शहरागणिक सूर वेगळा असे. आपल्या गाण्यात तर असा आकडा कधी नव्हताच. गाणाऱ्याचा गळा जिथं सुखानं उभा राहील तो त्याचा सा. जुन्या पेट्याही थोड्या वर-खाली असतात. गिटारवाल्या पोराला भजनाच्या साथीला बोलावतात. तो मोबाईलवर बघून सहाही तारा अचूक लावून येतो आणि पहिल्याच गजराला सगळ्यांचे चेहरे वाकडे होतात. पोरगा म्हणतो, 'माझं बरोबर आहे, मोबाईलमध्ये बघा.' त्याचं बरोबर असतं, पण पेटीतली पितळी पाती कुणी तिथं बसून खरवडणार नाही. ज्याला हलता येत नाही त्याच्याजवळ दुसऱ्यानं जायचं. तिथं मोबाईल खिशात ठेवायचा, पेटीवाल्या बुवांना पांढरी सहा दाबून धरायला सांगायची, पाचवी तार तिला मिळवायची आणि तिच्यावरून बाकीच्या.

आता मिळवायची म्हणजे काय करायचं? इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं यातच आहे.

दोन सूर जवळजवळ सारखे असले, पण अगदी एक नसले, की ते एकत्र वाजताना आवाज हेलकावे खातो. पाळणा झुलावा तसा वाढतो, कमी होतो. पाचवी तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते. दुसरा सूर ११२ चा असेल, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. १११ वर आलात तर एक. जसजसं जवळ जाल तसतसा पाळणा मंदावतो आणि सूर मिळाला की थांबतो. पुढे गेलात तर पुन्हा झुलायला लागतो. म्हणजे सूर चढा आहे की उतरलेला हे ज्याला कळत नाही, त्यालाही हेलकावा वाढतोय की कमी होतोय हे कळतं. यासाठी गाणाऱ्याचा कान लागत नाही, फक्त थांबून ऐकण्याची सवय लागते. 'मला सुरातलं काही कळत नाही हो' म्हणणाऱ्या कितीतरी माणसांना मी हे पाच मिनिटांत ऐकवलं आहे.

या हेलकाव्यांवरच गिटारची सगळ्यात जुनी, घरगुती रीत उभी आहे. सहाव्या तारेवर पाचव्या पडद्यात बोट दाबा. जो सूर येतो तोच मोकळ्या पाचव्या तारेचा असायला हवा. दोन्ही छेडा, हेलकावा थांबेपर्यंत खुंटी फिरवा. मग पाचवीच्या पाचव्या पडद्यावरून चौथी, चौथीवरून तिसरी. तिसरीवरून दुसरी लावताना मात्र चौथा पडदा, कारण तिथं अंतर सा-म चं नाही, सा-ग चं आहे. मग पुन्हा पाचव्या पडद्यावरून पहिली. सुरुवातीची एक तार खरी कशी मानायची, तर पेटीवरून किंवा नादकाट्यावरून. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन शिंगांचा पोलादी काटा पाहिला असेल, तोच. लंडनच्या राजदरबारातल्या जॉन शोर नावाच्या ट्रंपेटवादकानं तो १७११ मध्ये केला, आणि तीनशे वर्षांत त्याला सेल लागला नाही की चार्जर.

थोडं पुढे गेलेली मुलं दुसरी रीत शिकून येतात. तारेवर बोट न दाबता, पडद्याच्या बरोबर वर नुसता स्पर्श करून छेडलं, की घंटेसारखा उंच सूर येतो. सहाव्या तारेवर पाचव्या पडद्याशी आणि पाचव्या तारेवर सातव्या पडद्याशी असा स्पर्श केला, तर दोन्हीकडून तोच सूर यायला हवा. ऐकायला सोपी, स्वच्छ रीत. तिच्यात एक मेख आहे. यंत्र ज्याला बरोबर म्हणतं त्या गिटारवर सहाव्या तारेतून ३२९.६ येतो आणि पाचवीतून ३३०. तीन सेकंदांत एखादा मंद हेलकावा राहतोच. हौशी पोरगा तो घालवतो. मग पुढच्या तारेचा घालवतो, त्याच्या पुढच्या तारेचाही घालवतो. प्रत्येक जोडी गोड, आणि सगळ्या तारांवर मिळून एखादा स्वरमेळ धरला की काहीतरी खटकतं.

असं का व्हावं? त्यासाठी मिरजेपर्यंत जावं लागेल. कबनूरहून मिरज तीसेक किलोमीटर. तिथल्या सतारमेकर गल्लीतले कारागीर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारींचं काम संपत गेलं तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं एखाद्या दुकानात जाऊन नुसता तंबोरा ऐका. खर्जाची तार छेडली की तिच्यातून, कुणी न वाजवता, गंधार वर येतो. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुताच्या दोऱ्यानं जवारी उघडते आणि तो गंधार आणखी स्पष्ट होतो. आम्ही सूतगिरण्यांच्या आणि मागांच्या मुलुखातली माणसं, पण त्या इंचभर सुताइतकं किमती सूत मी पाहिलेलं नाही.

तारेतून आपोआप येणारा तो गंधार सा च्या सव्वापट असतो. चाराला पाच, असं साधं प्रमाण. गिटारवर त्याचं गणित मांडू. तिसरी तार १९६ ची. ती सा धरली तर तिचा स्वतःचा गंधार २४५ ला येतो. दुसरी तार बरोबर गंधाराच्या जागी आहे. पण यंत्र सांगतं ती २४६.९ ला लावा. कारण गिटारचे पडदे बारा सारख्या वाटण्या करून ठोकलेले असतात. कुठल्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून प्रत्येक सुराला थोडं थोडं इकडेतिकडे सरकवलं आहे. पंचमाला त्याचा फारसा त्रास होत नाही, गंधार मात्र चांगलाच चढतो. ऐकायचं असेल तर तिसऱ्या तारेवर चौथ्या पडद्याच्या किंचित अलीकडे हलका स्पर्श करा आणि दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्याशी. एकीतून ९८० येईल, दुसरीतून ९८८ च्या आसपास. सेकंदाला आठ हेलकावे म्हणजे पाळणा राहत नाही, घरघर होते.

ही घरघर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी चांगलीच गाजली होती. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, मोजमापांसह. क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले, त्यांचं पुस्तक १९१३ चं. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब त्यांना श्रुती गाऊन दाखवत. या मंडळींनी इंग्लंडहून खास श्रुतींची पेटीदेखील करवून घेतली. कलेक्टर, न्यायाधीश आणि गवई एका तारेवर माना खाली घालून बसलेत, हे चित्र मला फार आवडतं. पुढे १९४० मध्ये तर ऑल इंडिया रेडिओनं पेटीलाच दार बंद केलं. कारण तेच, तिचे बांधलेले सूर आपल्या रागांत बसत नाहीत. ते दार उघडायला १९७१ साल उजाडलं. पेटीची बाजू घेणारा मी माणूस आहे. गावोगावी भजन जिवंत राहिलं ते पेटीमुळे. पण तक्रार खोटी नव्हती, आणि गिटारही त्याच पिंजऱ्यात उभी आहे. फरक एवढाच, की पेटीवाल्याच्या हातात खुंट्या नाहीत आणि गिटारवाल्याच्या हातात सहा आहेत.

आता यंत्रांकडे येतो, नाहीतर तरुण श्रोते म्हणतील बुवा जुन्यातच रमले. सूर डोळ्यांनी दाखवणारं पहिलं गाजलेलं यंत्र अमेरिकेतल्या कॉन कंपनीचं, १९३६ चं. ते मोठं खोकं होतं. कोर्ग या जपानी कंपनीनं १९७५ मध्ये हातात मावणारा, काटा हलणारा ट्यूनर आणला. आज मोबाईलवर तेच काम फुकट होतं. आमच्या गावात मात्र मोबाईलचा उपयोग कमी. तो हवेतला आवाज ऐकतो, आणि आमच्या हवेत धोटे धावत असतात. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धोटा फेकतो, असे दहा-वीस माग भिंतीपलीकडे असले की मोबाईलचा काटा वेड्यासारखा नाचतो. अलीकडे धोट्याशिवायचे माग आले आहेत, त्यांचाही गलका काही कमी नाही. म्हणून मी मुलांना चिमट्याचा ट्यूनर घ्यायला लावतो. तो गिटारच्या डोक्याला चिमटीसारखा बसतो आणि हवेतला आवाज न ऐकता लाकडाची थरथर मोजतो. तीन-चारशे रुपयांत येतो. कबनूरसाठीच कुणी बनवला असावा असं वाटतं.

चिमट्याचा एक धोका आहे. तो एकेका तारेला वेगळं विचारतो आणि वेगळं उत्तर देतो. सहाही वेळा हिरवा दिवा लागतो आणि तरी गिटार बेसूर असू शकते. तार जुनी होऊन गंजली असेल, तर मोकळी बरोबर वाजते आणि बाराव्या पडद्याशी चुकते. हे पाहायला बाराव्या पडद्यावर एकदा नुसता स्पर्श करून छेडा आणि एकदा दाबून. दोन्ही सूर एकच यायला हवेत. नवी मुलं तार इतकी कचकचून दाबतात की सूर चढतो, तो दोष तर कुठल्याच दिव्याला दिसत नाही. म्हणून माझा नियम असा: चिमट्यानं लावा, मग चिमटा काढा आणि जोड्या ऐका. भारनियमनाच्या काळात, म्हणजे २००५ नंतरच्या त्या वर्षांत, वीज गेली की सगळे वैतागायचे. आमचा वर्ग तेवढा खूश असायचा. गाव तासन् तास शांत, सगळी मुलं अंगणात जोड्या ऐकत बसलेली.

दोन किरकोळ गोष्टी सांगून टाकतो. तार नेहमी खालून वर चढवत सुरावर आणा. जास्त चढली तर चांगली खाली उतरवा आणि पुन्हा वर या. वरून उतरवत थांबलात तर खुंटीच्या दातांतली ढिलाई नंतर मोकळी होते आणि तार आणखी उतरते. बीम भरताना सूत ढिलं पडू न देणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि खुंटी फिरवताना 'टिंग' असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल, तर गळ्याच्या टोकाच्या खाचेत तार अडकते आहे. तिथं शिसपेन्सिल घासा.

माझ्याकडे चारेक वर्षांपूर्वी एक मागवाले मामा आले. वय पन्नाशीच्या पुढे, पंचवीस-तीस वर्षं माग चालवलेले. गिटार पोराची होती, पोरगा पुण्याला नोकरीला गेला आणि गिटार खुंटीला राहिली. म्हणाले, 'सर, मला ऐकू कमी येतंय. शिकता येईल का?' मागावरच्या माणसांचं हे दुखणं आम्हाला नवं नाही. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की आधी उंच सूर जातात, चार हजार कंपनांच्या आसपासचे. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द नीट कळत नाहीत. पाखरांची किलबिल जाते, घड्याळाचा गजर जातो. गेलेलं परत येत नाही. मामांना मी कान तपासून घ्यायला पाठवलं. त्यांचा आलेख तसाच होता, दोन हजारांपर्यंत बरा आणि पुढे खड्ड्यात गेलेला.

पण गिटारच्या मोकळ्या तारा ८२ पासून ३३० पर्यंतच्या. हेलकावे ऐकायचे ते फार तर हजारापर्यंत. म्हणजे तंबोऱ्याची वरची झळाळी मामांना अर्धी-मुर्धीच मिळणार, पण गिटार लावायला जेवढं लागतं तेवढं त्यांच्या कानात शिल्लक होतं. अडचण होती ती गोंगाटाची. त्यावर एक जुनी युक्ती आहे. नादकाटा आपटून त्याची दांडी कानामागच्या हाडाला टेकवली, तर सूर हाडातून आत जातो. तसंच गिटारच्या वरच्या कडेवर जबडा टेकवायचा आणि कानांत फोमचे बोळे घालायचे. कान बंद असले की हाडातून येणारे जाड सूर उलट मोठे ऐकू येतात आणि बाहेरचा खटखटाट खाली बसतो. कापूस आमच्याकडे पोत्यानं मिळतो, पण नुसत्या कापसानं आवाज फारसा अडत नाही, बोळे फोमचेच हवेत. ते बोळे मामा आता मागावरही घालतात. तीस वर्षांत त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

पहिले काही आठवडे मामांनी एकही गाणं वाजवलं नाही. ते यायचे, हनुवटी टेकवून डोळे मिटायचे आणि खुंट्या फिरवायचे. माझी इतर मुलं हसायची, मग हसायची थांबली, आणि त्यांतली दोघं-तिघं तशीच हनुवटी टेकवून बसायला लागली. मामा घरी जाऊन रोज लावायचे. शेजारच्या शेडमधली रात्रपाळी चालू असताना लावायचे.

परवा ते लवकर आले होते. गिटारच्या डोक्याला चिमटा होता, दुसऱ्या तारेवर काटा मधोमध न राहता जरासा डावीकडे. मी काही बोलायच्या आत म्हणाले, 'सर, काट्यापाशी आणली की तिसरीबरोबर घरघर करतीया. जरा खाली घेतली की निवतीया. पर मग दिवा लाल ऱ्हातोय. कुठं ठेवू?'

मी म्हटलं, 'मामा, आज गाणं कुठल्या पट्टीत घ्यायचंय?'

'पांढरी पाच.'

पांढऱ्या पाचात तिसरी तार सा, दुसरी गंधार. 'मग राहू दे तिथंच,' म्हटलं, 'पांढरी तीन घ्याल तेव्हा मात्र परत वर न्या. तिथं ती पंचम होते, अशी उतरलेली चालायची नाही.'

त्यांनी चिमटा काढून खिशात टाकला आणि वाजवायला घेतलं.